भिंगरीच्या हाती नकाशा

मंगळवार, ३ तारीख

वन्सं,

वाकून नमस्कार. वाकताना पाठीत उसण भरली, तेव्हा तो मनापासून होता असं समजा.

बातमी अशी की येत्या शनिवार-रविवारी आम्ही सहकुटुंब संमेलनाला निघालो आहोत. मुलांना शाळेत न घालता घरी शिकवणाऱ्या आईबापांचं संमेलन. तुम्ही नाक मुरडलंत ते मला इथून दिसलं. शनिवारी दुपारी बारा वाजता माझं भाषण आहे. मंचावर, माइकसमोर, झाकण ठेवलेल्या पाण्याच्या ग्लासासकट. विषय आमच्या घरातला एकुलता एक कायदा: मूल चुकलं तर मोठ्यांनी तोंड उघडायचं नाही. चूक त्याची त्याला सापडेपर्यंत गप्प बसायचं.

या कायद्यापायी आमचं घर हिरवं झालं, असं तुम्ही गावभर सांगता. झालं खरं. भिंगरीनं एका खोलीच्या भिंती फुटांत मोजल्या आणि दुकानात मीटर म्हणून सांगितल्या. दुकानदारानं विचारलं, सभागृह रंगवताय का? मी आणि तुमचे बंधुराज तोंडाला कुलूप लावून उभे. उरलेल्या रंगात न्हाणीघर, जिना आणि त्यांची फ्रीज-दुरुस्तीची गाडी असं सगळं हिरवं करून टाकलं. पण त्यानंतर पोरीचं क्षेत्रफळ एकदाही चुकलेलं नाही.

भिंगरी आता अकराची झाली. तुमच्या शाळेत तुम्ही सहावीची एक जागा महिनाअखेरपर्यंत तिच्यासाठी अडवून ठेवली आहे, ते मी विसरलेले नाही. आत्या स्वतः मुख्याध्यापिका, तिनंच शब्द टाकलाय, तिच्या घरी राहून शिकेल, सुट्टीला घरी येईल, वाईट काय आहे, असं तुमचे बंधुराज दर दोन दिवसांनी म्हणतात. संमेलन होऊ दे, मग ठरवू, यावर सध्या आमचा तह झालाय. ती तुमच्याकडे आली तर मला घर खायला उठेल. हे भाषणात येणार नाही, म्हणून इथे लिहिते.

प्रवासात भूगोल आहे. फोन बंद करून डब्यात, नकाशा भिंगरीच्या मांडीवर. ती सांगेल तिकडे गाडी वळणार.

तुमची
भावजय

•

गुरुवार, ५ तारीख

भावजयबाई,

आशीर्वाद. पाठीला शेक दे.

तुझं पत्र मधल्या सुट्टीत मिळालं. तेव्हा वेळ नव्हता, म्हणून नाक घरी येऊन सावकाश मुरडलं. मी आयुष्यभर चुकीखाली लाल रेघ मारत आले. रेघ मारली की चूक दिसते, मूल रडतं, डोळे पुसतं आणि पुढे जातं. तुम्ही रेघ मारायची सोडून घरं रंगवता. असो. नकाशा पोरीच्या हाती देताय तर जेवणाचे डबे जरा जास्त घ्या. आणि ठोंब्याला गाडी लागते, त्याला खिडकीशी बसवा. सहा वर्षांचं पोर आहे, सांगेपर्यंत उशीर झालेला असतो.

मला संमेलनाला ये म्हणून आग्रह करू नकोस. तू केला नाहीस, तरी सांगून ठेवते. शनिवार-रविवार मी घराबाहेर पाऊलही टाकणार नाही. सर्दीनं डोकं जड झालंय, कपाटं आवरायची आहेत आणि नववीच्या चाचणीचे पेपर माझ्याकडे बघत बसलेत.

जागेचं म्हणशील तर महिनाअखेर म्हणजे महिनाअखेर. आमच्या संस्थेचे अध्यक्ष त्यांच्या मेव्हण्याच्या मुलासाठी तिच्यावर डोळा ठेवून आहेत. मी त्यांना अजून तरी थोपवून धरलंय. भिंगरी हुशार आहे आणि तिच्यासारखी मुलं शाळेत असावीत. तू कितीही चांगली शिकवत असलीस तरी एकटी आहेस.

ग्लासातलं पाणी सांडू नकोस.

तुझी
नणंद

•

मंगळवार, १० तारीख

वन्सं,

आलो बाई एकदाचे परत.

प्रवासाचं विचारू नका. निघतानाच कळलं की गाडीत मागे एका गिऱ्हाइकाची बर्फपेटी तशीच राहिली आहे, पोचवायची. तिचं झाकण प्रत्येक वळणाला आ वासायचं आणि ठोंब्या प्रत्येक वेळी त्यात डोकं घालून काय आहे ते बघायचा. एकदा टायर बसलं. ते बदलेपर्यंत ठोंब्याला जे व्हायचं ते झालं, आणि खिडकी सोडून नेमकं हत्यारांच्या पेटीत झालं. तुमचे बंधुराज पेटीकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, पाने गंजत नाहीत ना यानं?

संमेलन यथास्थित पार पडलं. सभागृह भरलेलं होतं. माझं भाषण लोकांनी अगदी शांतपणे ऐकलं. मी एवढी शांतता कुठल्याच सभेत बघितलेली नाही. पाणी सांडलं नाही.

तुमची सर्दी कशी आहे? शनिवारी दुपारी तर तुम्ही अंथरुणातच असाल. कान चोंदले की माणसाला दाराची घंटासुद्धा ऐकू येत नाही, असं म्हणतात. काळजी वाटली म्हणून विचारलं.

भिंगरीबद्दल अजून काही ठरलेलं नाही. ती हल्ली जरा गप्प असते.

तुमची
भावजय

•

गुरुवार, १२ तारीख

भावजयबाई,

तुझं भाषण शांतपणे ऐकलं गेलं, हे वाचून ऊर भरून आला. शाळेतल्या मुलींना उदाहरण म्हणून सांगावं म्हणते, तेव्हा थोडा तपशील हवा होता. मंचामागचा पडदा कुठल्या रंगाचा होता? माइक मध्येच शिट्टी मारायचा म्हणे, तू बोलताना मारली का? तुझ्यानंतर कोण बोललं? सवडीनं कळव, घाई नाही. घाई थोडी आहे.

माझी सर्दी उतरली. शनिवारभर घरातच होते. दारावर कुणी आलं नाही, घंटा वाजली नाही.

एक मात्र गंमत झाली. अंगणातल्या नळाखाली कुणीतरी पाने धुतले असावेत, कारण कट्ट्यावर एक चकचकीत पाना वाळत पडलेला मिळाला. हल्लीचे चोर हत्यारं धुऊन घेतात की काय, कळत नाही. मी घरात असूनही मला काही दिसलं नाही, इतकी मी कपाटात बुडाले होते. पाना थेट तुझ्या नवऱ्याकडे असतो तसा आहे. पण तुम्ही तर तेव्हा टाळ्या घेत होतात.

भिंगरी गप्प का आहे, ते तिला विचार. का तेही तिचं तिला सापडेपर्यंत थांबायचं?

तुझी
नणंद

•

शनिवार, १४ तारीख

प्रिय आत्या,

नमस्कार. हे पत्र आईनं वाचलेलं नाही. आमच्याकडे दुसऱ्याचं पत्र वाचत नाहीत, म्हणून मी सगळं खरं लिहू शकते.

आम्ही संमेलनाला गेलोच नाही. आम्ही तुझ्याकडे आलो होतो.

मी नकाशा बघून रस्ता सांगत होते. मोठ्या चौकात डावीकडे जायचं होतं, मी उजवीकडे सांगितलं. बाबांनी खाकरलं. आईनं त्यांना कोपर मारलं. मग नदी आली. ती डाव्या हाताला हवी होती आणि उजव्या हाताला वाहत होती. बाबा म्हणाले, नदी आज भलतीकडून वाहतेय. आई म्हणाली, वाहू दे. मग ठोंब्यानं विचारलं, आपण आत्याकडे चाललोय का? आई म्हणाली, ठोंब्या, कायदा. मग तोही गप्प बसला, पण तेवढ्यात टायर बसलं आणि त्याला उलटी झाली.

बारा वाजले तेव्हा आम्ही तुझ्या दारात घंटा वाजवत होतो. आई घड्याळाकडे बघून पायरीवर बसली. शेजारच्या काकू म्हणाल्या की बाई काल संध्याकाळीच बॅग घेऊन गेल्या, नवी साडी नेसून, कुठे ते सांगितलं नाही आणि हसत होत्या. बाबांना वाटतं तुझं लग्न ठरलंय. आई म्हणते तसं असेल तर चांगलंच आहे, पण माणूस सोशिक हवा.

आत्या, आता खरी गोष्ट. आईबाबांना वाटतंय माझी चूक झाली आणि ती मला अजून सापडलेली नाही. पण चूक नव्हतीच. मी मुद्दाम केलं. मला तुझी शाळा बघायची होती, माहितीपत्रकातली नाही, खरी. शाळा सुटलेली होती. रखवालदारकाकांना सांगितलं, मी मोठ्या बाईंची भाची. ते माझं नाक बघून म्हणाले, जा आत. आई कुंपणाबाहेर थांबली आणि बाबा ठोंब्याचे कपडे धूत होते.

मला तुझ्या शाळेत यायचं आहे. आईला सांगितलं तर ती लगेच हो म्हणेल आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसेल. मला ते नको आहे. तू काहीतरी कर. पण मी लिहिलं हे कळू देऊ नकोस.

तुझी
भिंगरी

ता. क. लग्न असेल तर आधी सांग. ठोंब्याला बूट घ्यायला लागतील.

•

मंगळवार, १७ तारीख

भावजयबाई,

आता पुरे झालं. दोघी खोटं बोलतोय आणि दोघींनाही ते धड जमत नाही. वयानं मी मोठी, तर सुरुवात मी करते.

शनिवारी मी तुमच्या संमेलनात होते. पहिल्या रांगेत, नव्या साडीत. सर्दी नव्हती. तू मंचावर कुठे अडखळतेस ते ऐकायला गेले होते. अडखळलीस की चहाच्या वेळी तुला गाठायचं आणि जागेचं तिथल्या तिथे उरकून टाकायचं, हा माझा बेत. बघ कशी गुणाची नणंद मिळाली आहे तुला.

बारा वाजले. निवेदकानं तुला बोलावलं. पुन्हा बोलावलं. मग तो कार्यक्रमात किंचित बदल आहे असं म्हणत कागद चाळू लागला. माझ्या मागे एक गृहस्थ बसले होते. ते बायकोला म्हणाले, यांना स्वतःला वेळेवर येता येत नाही, या पोरांना काय शिकवणार? आता हेच वाक्य मी तुझ्याबद्दल तुझ्या तोंडावर आणि पाठीमागे पुष्कळदा बोललेले आहे. पण ते मी बोलायचं. परक्याच्या तोंडून ऐकलं आणि माझं डोकं फिरलं.

मी उठले ती थेट मंचावर गेले. माइकनं शिट्टी मारली. त्याच्याकडे वर्गात बघते तसं बघितलं, तो गप्प झाला. म्हटलं, मी तिची नणंद. काय काम करते ते सांगितलं नाही. तुमच्या हिरव्या घराची गोष्ट सांगितली, दुकानदारापासून जिन्यापर्यंत. लोक हसून हसून वेडे झाले. मला ती तुझी फजिती म्हणून सांगायची सवय, म्हणून तशीच सुरू केली होती. पण सांगता सांगता आठवलं की गेल्या सुट्टीत माझ्या खोलीला रंग द्यायचा होता, तेव्हा मी नववीतल्या एकाही मुलाला बोलावलं नव्हतं. भिंगरीच्या हातात टेप दिली होती. आणि तिनं सांगितला तेवढाच रंग आणला, पुन्हा मोजलंसुद्धा नाही. हेही बोलून गेले. त्यानंतर काय बोलले ते मला नीट आठवत नाही, पण ते सगळं तुझ्या बाजूचं होतं.

टाळ्या पडल्या. मागचे गृहस्थ भेटायला आले, त्यांना मी भेटले नाही. पुढच्या वर्षीचं अध्यक्षपद मला देऊ केलंय. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि राहायची सोय कुठे आहे, असं विचारून बसले. आमच्या संस्थेला कळलं तर मला घरीच शिकवतील.

तेव्हा तुझं भाषण चांगलं झालं. फक्त ते तू केलं नाहीस. आता तू कुठे होतीस ते सांग. मला माहीत आहे, पण तुझ्या हातचं वाचायचं आहे.

आणि माझ्या भावाला सांग, लग्न वगैरे काही ठरलेलं नाही. हे मला कुठून कळलं ते विचारू नको.

तुझी
नणंद

•

शुक्रवार, २० तारीख

वन्सं,

तुमचं पत्र जिन्यात बसून वाचलं. इतकी हसले की ठोंब्या बघायला आला, आणि मग रडले, तेव्हा तो निघून गेला. माझ्यासाठी तुम्ही उठलात. हे मी आता तुम्हाला जन्मभर ऐकवणार आहे, तयारी ठेवा.

लग्नाचं भिंगरीनं कळवलं असणार. तिनं आणखी काय लिहिलं ते मी विचारणार नाही. मला ते माहीत आहे.

तुमचे बंधुराज अजूनही समजतात की पोरगी रस्ता चुकली. रोज सकाळी मला डोळ्यांनी विचारतात, सापडली का चूक? मला पहिल्या चौकातच कळलं होतं. चुकणारं मूल नकाशात बघत राहतं. ही गाडीच्या आरशात बघत होती, मी काय करते ते. एका शब्दानं गाडी वळवता आली असती. भाषण मी महिनाभर घोकलं होतं, कणीक मळताना, कपडे वाळत घालताना, तुमच्या भावाला समोर बसवून. पण ती मला कुठेतरी घेऊन चालली होती आणि कुठे ते मला बघायचं होतं. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा कळलं. भाषण हुकल्याचं वाईट वाटायला मग जागाच उरली नाही.

शाळेत काय झालं ते तिनं तुम्हाला लिहिलं नसेल. मी बघतेय हे तिला ठाऊक नव्हतं. मी कुंपणाशी उभी होते. खालच्याच वर्गात ती खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसली. वर्ग रिकामा, फळा पुसलेला. थोडा वेळ नुसती बसली. मग तिनं हात वर केला. कुणी काही विचारलं नव्हतं, विचारायला तिथे कुणी नव्हतंच. तरी हात वर करून, मान ताठ करून बसून राहिली.

वन्सं, आमच्या घरात तिला कधी हात वर करावा लागला नाही. ती तोंड उघडते आणि मी ऐकते, भाजी चिरायची ठेवून ऐकते. मला वाटायचं, पोराला याहून जास्त काय हवं. तिला तर इतर पोरांच्यात बसून आपला नंबर लागायची वाट बघायची आहे. ते मी तिला देऊ शकत नाही. ठोंब्याला धरूनसुद्धा आमचा वर्ग दोघांचाच होतो.

काल रात्रीच्या जेवणाला मीच विषय काढला. म्हटलं, तुला जायचं असेल तर जा. तिनं आधी माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि मग मान हलवली. मी न्हाणीघरात गेले आणि नळ सोडला. बाहेर आले तर ती दाराशी टॉवेल घेऊन उभी.

मला अजून वाटतं की ती चुकतेय. हे तुम्हाला लिहिते, तिच्यापाशी बोलणार नाही. कदाचित मीच चुकत असेन. तसं असेल तर मला ते सापडेपर्यंत तुम्ही गप्प बसा, जमलं तर.

जागा तिला द्या. मला फार वाईट वाटतंय, पण द्या.

तुमची
भावजय

ता. क. पाना परत पाठवा. तुमचे बंधुराज गेले दोन आठवडे चिमट्यानं कामं करतायत.

•

मंगळवार, २४ तारीख

भावजयबाई,

जागा दिली. अध्यक्षांचे मेव्हणे माझ्याशी बोलेनासे झाले आहेत, तो फायदा वेगळा.

सहावीचं गणित येत्या वर्षी मी स्वतः घेणार आहे. शिक्षकांच्या खोलीत कुजबुज चालू आहे की बाईंनी भाचीसाठी घेतलं. खरं आहे, भाचीसाठीच घेतलंय.

पण एक अडचण उभी राहिली आहे आणि ती तुला सोडून कुणाला सांगता येत नाही. काल म्हटलं जरा सराव करावा. पाचवीची परीक्षा अजून व्हायची आहे, त्यांच्या वर्गावर गेले. एका मुलानं फळ्यावर गणित मांडलं आणि दुसऱ्याच पायरीला चुकला. मी ठरवून आले होते, बोलायचं नाही. ओठ मिटले. हात पाठीमागे बांधले. खिडकीबाहेर बघितलं. सगळा वर्ग फळा सोडून माझ्याकडे बघायला लागला. मग पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, बाई, तुम्हाला बरं वाटत नाहीये का? आणि माझ्या तोंडून उत्तर सुटलं. नुसतं उत्तर नाही, त्याच्या मागून त्या मुलाच्या आळसावर एक व्याख्यानही सुटलं. तो बिचारा जागेवर जाऊन बसला. त्याला आणखी थोडा वेळ मिळाला असता तर चूक सापडली असती. त्याचा खडू त्याच ओळीवर थांबलेला होता, ते मला नंतर दिसलं.

भिंगरीनं हात वर केला की तो मला दिसेल. कितीही हात वर असले तरी दिसेल, एवढं मी तुला लिहून देते. पण तिचं उत्तर चुकलं तर पुढे काय करायचं, ते मला येत नाही. मंचावर मी ते छान समजावून सांगितलं, आणि मला ते येत नाही.

म्हणून तिला एकटीला पाठवू नकोस. तू घेऊन ये. शाळा उघडायच्या आधी ये, आणि उघडल्यावर लगेच परतायची घाई करू नकोस. भाऊ आणि ठोंब्या मिळून आठवडाभर घर सांभाळतील, फार तर आणखी एखादा रंग देतील. वर्गात मागच्या भिंतीशी तुझी खुर्ची ठेवते. पोरांना सांगेन, या आपल्या नव्या बाई. मला गप्प कसं बसायचं ते शिकव.

तुझी
वन्सं